पचलेल्या जेवणाचं बिल

आमच्या रस्त्यावरचा जॅकरंडा यंदा जरा उशिरानेच फुलला. सकाळी फाटकाबाहेर आले तर फुटपाथभर जांभळा सडा, आणि शेजारच्या मुलीने त्यावरून सायकल दामटल्यामुळे मधोमध उमटलेला एक चिकट काळपट पट्टा. ऑस्ट्रेलियातल्या आमच्या टूवूंबात हे झाड फुललं की युनिव्हर्सिटीच्या परीक्षा आल्या असं समजायचं. मी तिथे पंचवीसेक वर्षं अर्थशास्त्र शिकवलं, त्यामुळे निवृत्त झाले तरी तो रंग दिसला की पेपर तपासायचे राहिल्यासारखी हुरहूर लागते. घरात येऊन चहा गाळला, टीव्ही लावला, तर बातम्यांत वॉशिंग्टन. अमेरिकन सरकारची कर्जमर्यादा संपत आलीय, ती वाढवायची की नाही यावर घोळ चाललाय, मुदत टळली तर काय होईल ते सांगता येत नाही. निवेदिका इतकं गंभीर तोंड करून सांगत होती की जणू हे पहिल्यांदाच घडतंय. मी रिमोट सोफ्यावर आपटला. माझा नवरा सुधीर वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणाला, "झालं सुरू तुझं."

हो, झालं. दर वेळी होतं. दर दोन-चार वर्षांनी ही बातमी येते आणि दर वेळी माझं डोकं फिरतं. लोकांना वाटतं, मी अर्थशास्त्राची म्हणून चिडते. तसं नाही. कर्जमर्यादा म्हटलं की मला वॉशिंग्टनचा तो पांढरा घुमट दिसतच नाही. मला वसईची फिलोमिना दिसते, तिच्या घरातल्या कपडे धुवायच्या खोलीत, लाँड्रीत, टांगलेली चक्क्याची गाठोडी दिसतात आणि पंच्याण्णव सालचा तो चिडका, घामट उन्हाळा अंगावर येतो.

तेव्हा टूवूंबात मराठी घरं बोटांवर मोजण्याइतकी होती. बहुतेक डॉक्टर, थोडे माझ्यासारखे युनिव्हर्सिटीतले, एक-दोन इंजिनिअर. डोंगराच्या कडेवरचं गाव. हिवाळ्यात पश्चिमेचा वारा हाडं गोठवायचा, उन्हाळ्यात दुपारी वादळं यायची आणि गारांनी गाड्यांच्या टपांना खळगे पडायचे. गावाबाहेर सगळी शेती, लालभडक माती. गाडीशिवाय पान हलायचं नाही. मराठी बोलायला मिळावं एवढ्याचसाठी आम्ही मंडळ काढलं होतं आणि मराठी माणसांनी मंडळ काढलं की घटना आलीच. आमच्या घटनेत एक कलम होतं. मंडळाची एकूण उधारी कुठल्याही वेळी पाचशे डॉलरच्या वर जाता कामा नये, जायची असेल तर सर्वसाधारण सभेची परवानगी हवी.

हे कलम देवधरांचं. देवधर कौन्सिलमध्ये पाणीपुरवठ्याचे इंजिनिअर. त्यापूर्वी एका उत्साही सेक्रेटरीने मंडळासाठी हप्त्यांवर स्पीकर घेतले होते आणि मग स्वतः पर्थला बदलून गेला होता. ते हप्ते फेडताना सगळ्यांच्या नाकी नऊ आले, म्हणून देवधरांनी ही मर्यादा आणली. सगळ्यांना ती फार आवडली. कर्जाचं नाव काढलं तरी ज्यांना अंगावर काटा येतो अशा मध्यमवर्गीय घरांतून आम्ही सगळे आलो होतो. मर्यादा म्हटलं की आपण कसे शिस्तीचे, असं वाटून छाती फुगायची. देवधर माणूस वाईट नव्हता, हीच तर अडचण होती. कुणाच्या आईला दवाखान्यात न्यायचं असो, कुणाचा नळ फुटलेला असो, ते आधी हजर असायचे.

आता वर्षाची वर्गणी जमायची संक्रांतीला, म्हणजे जानेवारीत. मोठा खर्च व्हायचा दिवाळीला. मधले दोन-अडीच महिने मंडळ उधारीवरच चालायचं आणि त्यात काही वावगं नव्हतं. पैसे येणार हे ठरलेलं असायचं, फक्त यायला वेळ असायचा. कुठल्याही सरकारचं बरंचसं असंच असतं. खर्च आज, कर उद्या, मधल्या काळात कर्ज. मी खजिनदार होते, त्यामुळे ही मधली कसरत माझ्याकडे असायची.

त्या वर्षी सप्टेंबरात सभा आमच्याच घरी झाली. मी कांदेपोहे केले होते, बाहेर मॅगपाय पक्षी कुणाच्या तरी डोक्यावर झडप घालत होता, आणि आत सगळ्यांना जोर चढला होता. ब्रिस्बेनच्या मंडळींना बोलवू या, शाळेचा मोठा हॉल घेऊ या, पंगत नको पण जेवण साग्रसंगीत हवं. श्रीखंड-पुरी, मसालेभात, बटाटेवडे, वर फराळ. मी आकडा सांगितला. तो मर्यादेच्या बराच वर जातो हेही सांगितलं. "होईल गं काहीतरी," कुणीतरी म्हणालं. मतदानाला हात वर झाले, सगळ्यांचे. देवधरांचा हात तर इतरांच्या आधी वर गेला आणि वर ते म्हणाले, "जिलबीपण ठेवा, इतक्या वर्षांत खाल्ली नाही."

जेवण करणार होती फिलोमिना. तिचा नवरा ॲन्थनी सुधीरच्याच हॉस्पिटलात एक्स-रे काढायचा. ती स्वतः वसईला मराठी शाळेत शिक्षिका होती. इथे त्या डीएडला कोण विचारणार? दोन वर्षं अर्ज करून कंटाळली आणि घरून ऑर्डरी घ्यायला लागली. सुरुवातीला आमच्यातल्या काही बायका कुजबुजल्या होत्या, ख्रिश्चन बाई, हिला फराळाचं काय जमणार. मग तिची चकली खाल्ली आणि तोंडं बंद झाली. मी तिच्याकडे मंडळाची ऑर्डर घेऊन गेले तेव्हा तिने एकच विचारलं, "पैसे कधी मिळतील, नंदाताई? नाही, घाई नाही, पण मला एक ठरवायचंय."

ठरवायचं होतं ते दुकान. हॉस्पिटलसमोरचं एक सँडविचचं दुकान बंद होणार होतं. मालक म्हातारा होता, त्याला फिलोमिना आवडली होती. नाताळच्या आत डिपॉझिट भरलं की किल्ली हातात. वडे, पॅटिस, दुपारी भात आणि एखादी करी, नर्सेस आणि पोरगेले डॉक्टर रांग लावतील, असं ती सांगत होती आणि सांगताना तिच्या हातातलं लाटणं थांबलं होतं. मंडळाच्या ऑर्डरीचे पैसे आले की डिपॉझिटचा शेवटचा तुकडा जुळणार होता. मी म्हणाले, "दिवाळीचा कार्यक्रम झाला की आठवड्याभरात." ती हसली आणि म्हणाली, "मग झालंच."

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी मी तिच्याकडे गेले, तेव्हा लाँड्रीभर चक्का टांगलेला होता. स्वयंपाकघरात जागाच उरली नव्हती. वॉशिंग मशीनच्या वर दोरी बांधून तिने पांढऱ्या मलमलच्या पुरचुंड्या ओळीने लटकवल्या होत्या, खाली बादल्या, त्यांत टपटप पाणी. सगळ्या घराला आंबूस, वेलदोड्याचा वास. दही, साखर, तूप, डाळ, सगळं तिने ब्रिस्बेनच्या दुकानातून स्वतःच्या नावावर उचललं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी धो धो वादळ झालं, हॉलच्या पत्र्यावर गारा ताशासारख्या वाजल्या, आणि ते थांबल्यावर ओल्या मातीच्या वासात लोक जेवायला बसले ते उठेचनात. देवधरांनी जिलबी तीनदा घेतली. मी त्यांच्या शेजारीच बसले होते.

आणि मग बिलं आली. हॉलचं, माइकवाल्याचं, फिलोमिनाचं. बँकेचा मॅनेजर भला माणूस होता. संक्रांतीपर्यंत ओव्हरड्राफ्ट द्यायला तो तयार होता. "नो वरीज, नंदा," तो म्हणाला, "फक्त मंडळाने एवढं कर्ज घ्यायला परवानगी दिलीय, असा ठराव आणून दे." म्हणजे मर्यादा वाढवायची. मी सभा बोलावली. मला वाटलं, पाच मिनिटांचं काम आहे.

त्याच आठवड्यात अमेरिकेत सरकारी कचेऱ्यांना टाळं लागलं होतं. तिथे दोन गोष्टींची सरमिसळ झाली होती. बजेट मंजूर झालं नाही म्हणून कचेऱ्या बंद, ही एक भानगड. आणि कर्जमर्यादा वाढवत नाही, ही दुसरी. मी परीक्षेत या दुसरीवर प्रश्न घातला होता आणि माझ्या टेबलावर उत्तरांचा ढीग पडला होता. बहुतेकांनी लिहिलं होतं की ही मर्यादा सरकारला जास्त खर्च करण्यापासून रोखते. मी लाल पेनाने नाही, नाही, नाही लिहीत सुटले होते. खर्च संसदेने आधीच ठरवलेला असतो. कर किती घ्यायचे तेही तिनेच ठरवलेलं असतं. दोन्हींत फरक पडला की कर्ज काढावं लागणार, हे शाळकरी पोरालाही कळेल. आणि हे सगळं ठरवून झाल्यावर तीच संसद म्हणते, पण कर्ज काढायला आमची परवानगी नाही. मर्यादेने खर्च अडत नाही. अडतं ते फक्त झालेल्या खर्चाचं देणं.

सभेत मी तेच सांगितलं. देवधरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "नंदा, मर्यादा म्हणजे मर्यादा. दर वेळी वाढवायची असेल, तर तिला मर्यादा कशाला म्हणायचं?"

दोघा-तिघांनी चक्क टाळ्या वाजवल्या.

"अहो देवधर, जेवण झालंय," मी म्हणाले. "पचलंय. आता शिस्त कुणाला लावताय? खायच्या आधी हात वर केले होते तुम्ही."

"तेव्हा आकडा एवढा नव्हता."

"एवढाच होता. वर तुम्ही जिलबी वाढवलीत."

लोक हसले. हसणं आणि ऐकणं यांत फार अंतर असतं. देवधर म्हणाले, त्यांचा मर्यादा वाढवायला तत्त्वतः विरोध नाही, पण आधी पुढच्या वर्षीचं नाटक रद्द करा. झालं, नाटकवाले उसळले. नाटकाला हात लावाल तर याद राखा, कापायचंच तर मुलांची क्रिकेटची सहल कापा. सहलवाल्या आया उभ्या राहिल्या. तासभर सगळे पुढच्या वर्षीच्या खर्चावर भांडत होते आणि मागच्या शनिवारी जेवलेल्या जेवणाबद्दल कुणी बोलत नव्हतं. फिलोमिनाचं नाव कुणी घेतलंच नाही. तिचं बिल ओलीस ठेवून दुसऱ्याच लढाया चालल्या होत्या. सुधीर कंटाळून म्हणाला, "आपण सगळे थोडे थोडे पैसे घालू आणि मोकळे होऊ." देवधर म्हणाले, "तेही कर्जच झालं, डॉक्टर. मंडळ आपलं देणं लागेल." मग देणगी द्या, मी म्हणाले. कुणी द्यायची, कुणी नाही, ते बरं दिसत नाही, असं ठरलं. मतदान झालं, ठराव पडला. पुढची सभा नाताळच्या सुट्ट्यांनंतर, कारण कुणी बीचवर जाणार होतं, कुणी पुण्याला.

मला घरी येऊन रडायला आलं. दुःखाने नाही, रागाने. सगळी शिकलेली माणसं, घराचे हप्ते एक दिवस न चुकवणारी. यांच्यातल्या एकानेही हॉटेलात जेवून बिल न देता बाहेर पाऊल टाकलं नसतं. पण चारचौघांनी मिळून तेच करायचं म्हटल्यावर त्याला शिस्त म्हणता येत होतं.

मग माझी कसरत सुरू झाली. गणपतीच्या मूर्तीसाठी बाजूला ठेवलेले पैसे काढून हॉलचं बिल दिलं, वाचनालयाच्या अनामत रकमेतून माइकवाल्याला दिलं. या खिशातलं त्या खिशात. वॉशिंग्टनमध्ये खजिन्याचा मंत्रीही त्या महिन्यांत हेच करत होता, कर्मचाऱ्यांच्या निधीत हात घालून दिवस ढकलत होता. आणि या ढकलाढकलीत मला एक गोष्ट कळली, जी पुस्तकात नव्हती. आधी पैसे कुणाला द्यायचे हे न्यायाने ठरत नाही. हॉलवाला वकिलाची नोटीस पाठवेल म्हणून त्याला आधी दिलं. माइकवाला गावभर बोंबलेल म्हणून त्याला मग दिलं. फिलोमिना काही बोलणार नव्हती, म्हणून ती शेवटी राहिली, आणि तिच्यापर्यंत येईतो खिसे संपले होते.

मी तिच्याकडे स्वतःचा चेक घेऊन गेले. तिने तो बघितला आणि टेबलावर ठेवला.

"हा तुमच्या घरचा आहे, नंदाताई."

"अगं, मंडळाकडून आले की मी परत घेईन ना."

"मग मंडळाने का नाही दिले?"

मी समजावायला लागले. मर्यादा, ठराव, संक्रांत. माझ्याच तोंडून ते ऐकताना मला माझा संताप आला. तिने मध्येच माझ्या हातावर हात ठेवला. "जेवण मी मंडळाला दिलं. तुमच्याकडून घेतले तर ते उपकार झाले. ॲन्थनीला नाही चालणार. मला पण नाही. देतील की, शिकलेली माणसं आहेत सगळी." मग तिने मला डब्यात फुगे, वसईकडचे तळलेले गोड गोळे, भरून दिले, नाताळचे पहिले.

डिसेंबरात उन्हाने गवत पिवळं पडलं, सिकाडा किडे कान किटवत होते आणि मी एअरकंडिशनर खरखरणाऱ्या खोलीत उन्हाळी सत्र शिकवत होते. त्याच सुमाराला इथल्या एका पक्षाने देशाच्या परदेशी कर्जाचा आकडा रंगवलेला ट्रक गावोगाव फिरवला होता. त्यातलं बहुतेक कर्ज खाजगी कंपन्यांचं आणि बँकांचं होतं, पण आकडा मोठा आणि ट्रक त्याहून मोठा, मग विचारतो कोण. वर्गात गव्हाच्या शेतावरून गाडी हाकत येणारी एक चाळिशीची बाई होती. तिने विचारलं, "पण डॉक, त्यांच्याकडे पैसे आहेत ना? मग ते बुडवतील कसे?"

"हेच तर," मी म्हणाले. "ऐपत नसलेले लोक बुडवतात तेव्हा वाईट वाटतं. यांची ऐपत आहे. एकमत नाही म्हणून बुडवतील." मग तिला फळ्यावर काढून दाखवलं. अमेरिकेला सगळं जग सर्वांत खात्रीचा ऋणको समजतं. बाकीच्यांचे व्याजदर त्या खात्रीवर मोजून ठरतात. तिने एक दिवस जरी देणं चुकवलं, तर सावकार पुढच्या वेळी चार पैसे जास्त मागतील, आणि ती दरवाढ तुझ्या ट्रॅक्टरच्या कर्जापर्यंत येईल. ती म्हणाली, "म्हणजे मी काही न करता?" तू काही न करता, मी म्हणाले, आणि फिलोमिना आठवून फळा पुसायला वळले.

नाताळच्या आधीच्या आठवड्यात हॉस्पिटलवरून जाताना त्या दुकानाच्या शिडीवर रंगारी चढलेला दिसला. फिश अँड चिप्स, अशी निळी अक्षरं अर्धी झाली होती. म्हातारा थांबला होता म्हणे, जमेल तितका. मी गाडी बाजूला घेतली आणि स्टिअरिंगवर हात आपटला. मागच्या सीटवरून माझी लेक मुक्ता म्हणाली, "मम, आर यू ओके?" मी ओके नव्हते. देवधर तेव्हा कुटुंबासह समुद्रावर होते.

जानेवारीत उन्हाने तिळाच्या वड्या ताटाला चिकटत असताना वर्गणी जमली. मी दुसऱ्या दिवशी फिलोमिनाचे सगळे पैसे चुकते केले. मर्यादा वाढवावी लागलीच नाही. हळदीकुंकवाला बायकोला सोडायला आलेले देवधर प्रसन्न होते. "बघितलंस?" ते म्हणाले. "उगाच घाबरत होतीस. काय झालं? काही झालं का?"

या प्रश्नाने मला आजवर जेवढा त्रास दिलाय तेवढा कशानेच नाही. मार्चमध्ये अमेरिकेनेही मर्यादा वाढवली आणि तिथेही सगळे म्हणाले, बघा, काही झालं नाही. त्यानंतर दर वेळी हेच म्हणतात. मुदतीच्या काठावर जाऊन परत फिरतात आणि काठावर गेल्याची किंमत कुणीच मोजत नाही, कारण ती ज्याने मोजली तो खोलीत नसतो. मी देवधरांना दुकानाबद्दल सांगितलं. ते खरंच हळहळले. "अरेरे," ते म्हणाले, "आधी बोलायचं नाही का तिने?"

पुढच्या सप्टेंबरात पुन्हा दिवाळीची सभा झाली आणि पुन्हा फिलोमिनालाच बोलवायचं ठरलं. तिने निरोप दिला, करेन, पण दर जास्त पडेल आणि अर्धे पैसे आधी. देवधर म्हणाले, "एका वर्षात महागाई एवढी वाढली?" गेलं वर्षभर मी हेच शिकवत होते, त्यांना आणि अख्ख्या वर्गाला. सगळ्यांनी हात वर केले आणि जास्तीचा दर मंजूर झाला.

मला वाटलं होतं, हा दर मंडळासाठी आहे. ऑक्टोबरात मुक्ताचा वाढदिवस होता. मी नेहमीसारखी मागच्या दाराने फिलोमिनाच्या स्वयंपाकघरात शिरले, स्टूल ओढलं, पॅटिस किती आणि केक कसला ते सांगितलं. ती पीठ मळत होती. तिने सगळं नीट ऐकलं, दोन-तीन प्रश्न विचारले, साखर कमी घालू का तेही विचारलं. मग परातीतून नजर न उचलता म्हणाली, "अर्धे आधी लागतील, नंदाताई."

आवाजात राग नव्हता. टोमणाही नव्हता. ती जे सगळ्यांना सांगायची तेच मला सांगत होती. माझ्या मनात भराभर आलं, अगं, मी नव्हते त्यांत, मी भांडले होते तुझ्यासाठी, मी चेक आणला होता. पण तिच्या घरी येऊन "आठवड्याभरात" असं म्हणाली होती ती कोण? देवधर तर तिच्याकडे कधी गेलेच नव्हते. तिच्यासाठी मंडळ म्हणजे मीच होते.

"हो, अर्थात," मी म्हणाले आणि शेजारी हात घातला, तर तिथे काही नव्हतं. फिलोमिनाकडे जाताना मी कधी पर्स घेतच नसे. "आणते," मी म्हणाले. तिने मान हलवली आणि कणकेवर पाणी शिंपडलं. मी गाडीत बसले आणि पैसे आणायला घरी गेले.